घरच्या बोलीतून पुस्तकाकडे : सोलापूरच्या मुलांचे वाचन-लेखन आणि आपली जबाबदारी

दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना या नद्यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल हे ठिकाण आहे. तेथील संगमेश्वर मंदिरात शके ९४० म्हणजे इ.स. १०१८ चा एक शिलालेख आहे. कालोल्लेख असलेल्या सर्वात जुन्या मराठी लेखांमध्ये त्याची गणना होते. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी या लेखाचे महत्त्व लोकांसमोर आणले. त्यातील मराठी वाक्याचा अर्थ असा की, जो हे वाचेल तो विजयी होईल.

हे वाक्य कोरले गेले तेव्हा वाचनाचा अधिकार मोजक्या लोकांनाच होता. आज कायद्याने तो प्रत्येक मुलाला आहे. सोलापूर शहरातील वस्त्यांमध्ये आणि जिल्ह्यातील खेड्यांमध्ये मुले शाळेत जातात, पटावर त्यांची नावे आहेत, गणवेश आणि पुस्तके मिळतात. तरीही पाचवीतल्या अनेक मुलांना दुसरीचा धडा सलग वाचता येत नाही. ही अडचण फक्त सोलापूरची नाही. ‘असर’ या देशव्यापी पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीतील केवळ २७.१ टक्के आणि पाचवीतील ४८.८ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकतात. म्हणजे पाचवीत बसलेल्या दोन मुलांपैकी एक मूल वर्गात हजर आहे, पण पुस्तकाच्या बाहेर आहे.

आपल्या समाजासाठी हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. जी मुले तिसरीपर्यंत वाचायला शिकत नाहीत, त्यांच्यासाठी पुढचे सगळे विषय बंद होतात, कारण गणिताचे उदाहरणही आधी वाचावे लागते. शिष्यवृत्ती, आरक्षण, वसतिगृहे या सगळ्या सोयी या पहिल्या पायरीनंतर येतात. ही पायरी पक्की करण्याचा एक मार्ग मुलांच्या घरात, वस्तीत आणि विहारातच आहे. तो कसा वापरायचा, हे या लेखात पाहू.

सोलापूरच्या वसतिगृहाचा वारसा

२० जुलै १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली. सभेच्या पहिल्या ठोस कामांपैकी एक काम सोलापुरात झाले. ४ जानेवारी १९२५ रोजी येथे हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. राहण्या-जेवण्याची सोय झाली, तर मुले शिकतील हा त्यामागचा साधा विचार होता.

याच काळातील आणखी एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. सभेच्या प्रेरणेने विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवले. मुंबईत मोफत वाचनालयही सुरू करण्यात आले. म्हणजे मुलांना छप्पर देऊन सभा थांबली नाही. त्यांनी वाचावे आणि स्वतःचे लिहावे, यासाठीही तिने जागा केली. वसतिगृहांची आठवण आपण जयंतीच्या भाषणात काढतो, पण मुलांनी स्वतः लिहिण्याचा हा धागा आपल्याकडून सुटला आहे.

त्याच्याही सत्तर वर्षे आधी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने निबंध लिहिला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. विषय तिला बाहेरून दिलेला नव्हता. घरात आणि वस्तीत जे भोगले, तेच तिने शिकलेल्या अक्षरांत मांडले. कोवळ्या वयाच्या मुलीच्या हातून इतके धारदार लेखन झाले, कारण तिच्याजवळ सांगण्यासारखे काही होते आणि ते लिहिण्याजोगे आहे असे मानणारे शिक्षक तिला लाभले होते. स्थानिक जीवनातून लेखन-वाचन शिकवणे म्हणजे काय, याचे हे आपल्याच परंपरेतील उदाहरण आहे.

बुद्धांची भूमिका : आपापल्या बोलीत

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग येतो. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी तथागतांना विचारले की, वेगवेगळ्या कुळांतील भिक्खू आपापल्या भाषेत बुद्धवचन सांगतात, त्यामुळे ते बिघडते, तर ते छांदस भाषेत बांधावे काय? तथागतांनी त्यास नकार दिला आणि आपापल्या बोलीत बुद्धवचन शिकण्याची अनुज्ञा दिली. या अनुज्ञेतील शब्दांचा नेमका अर्थ काय, यावर अट्ठकथाकार आणि आधुनिक अभ्यासक यांच्यात मतभेद आहेत. पण ज्ञान एका वर्गाच्या भाषेत कोंडायचे नाही, हा त्यातला आशय स्पष्ट आहे.

सम्राट अशोकाने हेच धोरण दगडावर उतरवले. त्याचे बहुतेक लेख लोकांच्या प्राकृतात आहेत. वायव्येकडील शाहबाजगढी आणि मानसेहरा येथे त्याने तिकडची खरोष्ठी लिपी वापरली, तर कंदहारला ग्रीक आणि अरामी भाषा. सोलापुरातून वाहणारी भीमा पुढे कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात जाते. तिथे तिच्या काठी सन्नती येथे अशोकाचे शिलालेख सापडले आहेत आणि जवळच कनगनहळ्ळी येथे महास्तूपाच्या अवशेषांत अशोकाचे नाव कोरलेले शिल्प आहे. उत्तरेला धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत. हा परिसर सोलापूरच्या मुलांना सहलीच्या अंतरावर आहे. चौथीच्या मुलांसाठी इतिहासाचा धडा तिथे प्रत्यक्ष उभा आहे.

वर्गात चार भाषा, फळ्यावर एक

सोलापूर हे बहुभाषिक शहर आहे. विणकरीसाठी आलेल्या पद्मशाली कुटुंबांची तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडची कन्नड, मुस्लीम वस्त्यांतील उर्दू-दखनी आणि मराठीच्या कितीतरी बोली येथे नांदतात. बालभारती मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही पाठ्यपुस्तके काढते. पण मराठी माध्यमाच्या वर्गात अनेकदा घरी दुसरी भाषा बोलणारी मुले बसलेली असतात. ज्यांच्या घरी मराठी आहे, त्यांचीही मराठी पुस्तकातली नसते. मूल म्हणते, “आई भाकरी करायली.” पुस्तक म्हणते, “आई भाकरी करत आहे.” शिक्षक हसले किंवा “नीट बोल” म्हणाले की ते मूल पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. जे बोलत नाही, त्याला लिहायला काय सुचणार?

माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. बातम्यांत क्यूआर कोडची चर्चा झाली. पण पुरस्कार देणाऱ्यांनी त्यांच्या कामाची जी माहिती दिली, तिच्यात आधी दुसरी गोष्ट आहे. तिथल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तक त्यांना परके होते. म्हणून डिसले यांनी कन्नड शिकून पाठ्यपुस्तकाचा मजकूर मुलींच्या भाषेत नेला. क्यूआर कोड त्याच्या जोडीने आला. तंत्रज्ञान नसलेल्या शाळेलाही यातला भाषेचा भाग उचलता येतो.

कायदाही याच बाजूने आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०-क नुसार भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने करायचा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तोवर मातृभाषा हेच माध्यम असावे असे म्हटले आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, यासाठी २०२६-२७ ची मुदत ठरवली.

प्रत्यक्षात कसे शिकवायचे?

पहिली पायरी ओळखीच्या शब्दांची. आपल्या वस्तीतील मूल पहिलीत येण्याआधीच काही शब्द चित्रासारखे ओळखते. विहाराच्या पाटीवरचा ‘बुद्ध’, कमानीवरचा ‘भीम’, निळ्या झेंड्याखालचा ‘जय भीम’. ‘द्ध’ हे जोडाक्षर शाळेत खूप उशिरा शिकवले जाते, पण या मुलाच्या डोळ्यांना ते आधीच ओळखीचे असते. मुळाक्षरांच्या तक्त्यात अ-अननसाचा येतो, आणि अननस कितीतरी मुलांनी पाहिलेलाही नसतो.

‘भीम’ हा एकच शब्द घ्या. त्यात ‘भ’, ‘म’ आणि दुसरी वेलांटी आहे. ‘म’ला वेलांटी दिली की ‘मी’ होतो. एक काना जोडला की ‘मामा’, ‘मामी’ आणि जिल्ह्याची नदी ‘भीमा’ तयार होते. तीन-चार चिन्हांत मुलाला पाच शब्द वाचता येतात आणि पाचही त्याच्या ओळखीचे असतात. मुळाक्षरांच्या क्रमाऐवजी अशा निवडक अक्षरगटांपासून वाचन शिकवण्याची पद्धत महाराष्ट्रात रुजलेली आहे. शेजारच्या सातारा जिल्ह्यात फलटण येथे डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेतून वाचन-शिक्षणाचे मोठे काम उभे केले. त्याची सुरुवात शाळेबाहेर राहिलेल्या दलित वस्तीतील मुलांपासून झाली होती.

मिश्र भाषांच्या वर्गात हीच युक्ती आणखी रंगते. फळ्यावर आई, अम्मा, अव्वा, अम्मी असे चार शब्द लिहावेत. प्रत्येक मुलाने आपला शब्द वाचावा, मग दुसऱ्याचा. ‘म्म’ आणि ‘व्व’ ही जोडाक्षरे कळतातच, शिवाय शेजारी बसलेल्याच्या घरातही आईच आहे हेही कळते.

दुसरी पायरी बोललेले लिहिण्याची. मूल एखादी गोष्ट सांगते : आजी ज्वारीची कडक भाकरी कशी करते, काका मागावर चादर कशी विणतात, आई विड्या वळताना बंडल कसे बांधते. शिक्षकांनी ती मुलाच्या शब्दांत, काही न बदलता, मोठ्या अक्षरात कागदावर लिहावी आणि मुलाने ती बोट ठेवून वाचावी. वाक्य त्याचेच असल्याने पुढचा शब्द त्याला अंदाजाने येतो आणि अंदाज खरा ठरला की धीर वाढतो. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया अॅश्टन-वॉर्नर यांनी माओरी मुलांना असेच त्यांच्याच शब्दांतून वाचायला शिकवले आणि १९६३ साली आपले अनुभव पुस्तकरूपाने मांडले. ब्राझीलमध्ये त्याच वर्षी पाउलो फ्रेइरे यांनी मजुरांच्या रोजच्या जगण्यातील शब्द घेऊन प्रौढांना काही आठवड्यांत साक्षर केले. दोघांचे देश वेगळे, पण शिकणाऱ्याच्या जगण्यातले शब्द घेऊनच दोघांनी सुरुवात केली.

तिसरी पायरी पाठ असलेल्या गाण्यांची. आपल्या मुलांना कितीतरी भीमगीते तोंडपाठ असतात. तोच मजकूर छापून समोर ठेवला आणि गाता गाता शब्दावर बोट फिरवायला सांगितले की, कानाला ओळखीचा शब्द डोळ्यालाही ओळखीचा होतो. नंतर एक-एक शब्द झाकून तो ओळखायला लावावा. महाकवी वामनदादा कर्डक यांचे उदाहरण मुलांना अवश्य सांगावे. मुंबईत कष्ट करताना तरुण वयात ते बाराखडी शिकले आणि जोडाक्षरे दुकानांच्या पाट्या वाचून पक्की केली. पुढे त्यांनी हजारो गीते लिहिली.

चौथी पायरी घरातून गोळा करण्याची. चौथी-पाचवीच्या मुलांनी आजी-आजोबांना प्रश्न विचारून उत्तरे लिहून आणावीत. जात्यावरच्या ओव्या हा त्यातला मोठा ठेवा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. शाळेची पायरी न चढलेल्या बायांनी त्या रचल्या आहेत. नातवाने आजीची ओवी वहीत उतरवली तर त्याचे लेखन सुधारते, आणि आजीला प्रथमच आपले शब्द कागदावर दिसतात.

विहार : तयार असलेली वाचनशाळा

वाचनाची एक सामूहिक परंपरा आपल्याकडे आधीच आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाच्या काळात विहाराविहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. वडीलधारी माणसे वाचतात आणि मुले मागे बसून ऐकतात किंवा अंगणात खेळतात.

या तीन महिन्यांत रोजची पंधरा मिनिटे मुलांना द्यावीत. बाबासाहेबांनी हा ग्रंथ लहान, क्रमांकित परिच्छेदांत लिहिला आहे. एका मुलाला एक परिच्छेद सहज पेलतो. उपाली न्हावी, सुनीत भंगी, सोपाक यांच्या धम्मदीक्षेचे प्रसंग कथेसारखे आहेत आणि मुलांना ते समजतात. आदल्या दिवशी परिच्छेद देऊन घरी सराव करायला सांगावा, म्हणजे चारचौघांत अडखळण्याची भीती राहत नाही. वाचून झाल्यावर मुलाने तोच प्रसंग आपल्या बोलीत दोन-तीन वाक्यांत सांगावा. अक्षरे जुळवणे आणि अर्थ समजणे यांतला फरक तिथे लगेच दिसतो. लहानांसाठी जातककथा आहेतच.

कोणती संस्कृती, कोणाची संस्कृती?

येथे एक सावधगिरी हवी. ‘स्थानिक संस्कृती’ म्हटले की शाळेत बहुधा सण, जत्रा, पोशाख आणि बलुतेदारीची चित्रे येतात. गड्डा यात्रेवर निबंध असतो, पण १४ एप्रिलच्या मिरवणुकीवर नसतो. बलुतेदारांच्या धड्यात कोण काय काम करतो हे असते, पण ते काम कोणावर लादले गेले हे नसते. ज्या मुलाच्या आजोबांनी ते लादलेले काम सोडण्यासाठी गाव सोडले, त्याला हा धडा कौतुकाने वाचायला सांगणे योग्य नाही.

म्हणून संस्कृतीचा धडा प्रश्नांसह शिकवावा. मंगळवेढ्याच्या कुसवाच्या कामावर असताना भिंत कोसळून संत चोखामेळांचा मृत्यू झाला. त्यांची समाधी पंढरपुरात मंदिराच्या महाद्वाराबाहेर आहे. ती बाहेर का, हा प्रश्न पाचवीच्या वर्गाला लिहायला द्यावा. १९४७ साली साने गुरुजींना मंदिर खुले करण्यासाठी उपोषण का करावे लागले, हेही मुलांनी शोधावे. बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ ज्या तीन संतांना अर्पण केला, त्यांत चोखामेळा आहेत, हे मुलांना सांगावे. त्याच वेळी १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले सोलापूरचे चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, चार वेगवेगळ्या समाजांतून आले होते हेही लिहावे. परिसराचा अभिमान आणि परिसराविषयी प्रश्न या दोन्ही गोष्टी एकाच वहीत मावतात.

प्रमाण भाषेचे आणि इंग्रजीचे काय?

अनेक पालक विचारतात, “बोलीत शिकून नोकरी मिळेल का?” ही शंका रास्त आहे. प्रमाण मराठी आणि इंग्रजी आपल्या मुलांना आलीच पाहिजे. ती न शिकवणे हा पुन्हा अन्यायच ठरेल. प्रश्न फक्त क्रमाचा आहे. मुलाच्या वहीत दोन रकाने करावेत : ‘घरी असे म्हणतो’ आणि ‘पुस्तकात असे लिहितो’. “करायली” पहिल्या रकान्यात, “करत आहे” दुसऱ्यात. लाल शाईची फुली मारायची नाही. मुलाला दोन्ही रूपे कळतात आणि घरच्या भाषेची लाज वाटत नाही. अक्षरांतून अर्थ काढण्याचे कौशल्य एकदा आले की दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते. इंग्रजी माध्यमात गेलेल्या आपल्या मुलांनाही घरी रोज मराठी वाचू-लिहू द्यावे, नाहीतर एकही भाषा पुरती हातात येत नाही.

समाज म्हणून काय करता येईल?

प्रत्येक विहार समितीने आपल्या वस्तीतील दुसरी ते पाचवीच्या मुलांची साधी चाचणी घ्यावी. अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट या चार पायऱ्यांपैकी मूल कोणत्या पायरीवर आहे हे पाच मिनिटांत कळते. ‘असर’ची पाहणीही अशीच होते. निकाल मुलाला हिणवण्यासाठी वापरायचा नाही. कोणाला कुठून मदत द्यायची हे त्यावरून ठरवायचे.

त्यानंतर वस्तीतील महाविद्यालयीन मुला-मुलींनी आठवड्यातून तीन दिवस तासभर द्यावा. खर्च फारसा नाही. पाठकोरे कागद, जाड मार्कर आणि लिहिलेले लावायला विहाराची एक भिंत पुरते. मुलांनी लिहिलेल्या गोष्टींचे हस्तलिखित दर पौर्णिमेला काढावे आणि त्यातील एक लेख विहारात सर्वांसमोर वाचला जावा. शिक्षकांशी भांडण्याऐवजी हे लेखन शाळेत नेऊन दाखवावे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना कायद्याने जागा आहे, तिचा उपयोग करावा.

जयंतीच्या मंडपावर आपण जेवढा खर्च करतो, त्याचा छोटा हिस्सा या कामाला पुरेसा आहे. येत्या १४ एप्रिलला मंचावरच्या भाषणांआधी वस्तीतल्या पाच मुलांनी स्वतः लिहिलेले एक-एक पान वाचावे. वाचताना ती अडखळली तरी चालेल. त्यासाठी तयारीला मात्र आजपासूनच लागावे लागेल.

जय भीम!